भाऱ्याला लागणारे हात

देवळीहून घरी परतताना रस्त्याकडेच्या वावरात ते नवरा-बायको मला रोज दिसत. तो पूर्वी जिनिंगमध्ये कापसाचे बोरे एकट्यानं पाठीवर घ्यायचा म्हणे. आता समोरच्या टपरीवर चहाचा ग्लास धरतानाही त्याचे हात थरथरतात. बायको मात्र अजून काटक.

गवताचा भारा ती धुऱ्याच्या बांधावर ठेवायची, डोक्यावर चुंबळ घेऊन खाली वाकायची. तो भाऱ्याला दोन्ही हात लावून म्हणायचा, "हं, उठ." ती उठली की तो हात झटकायचा. मला वाटायचं, थकले तरी पुरुषाचे हात आहेत, जोर असणारच.

एकदा तो वावराच्या दुसऱ्या टोकाला होता आणि ती भाऱ्याजवळ नुसती उभी होती. मी स्कूटी थांबवून हात लावायला गेले.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "मले एकटीलेच उचलता येते. त्यायचा हात तं नुसता लागते."

"मग थांबलात कशाला?"

काठी टेकत येणाऱ्या नवऱ्याकडे तिनं पाहिलं. "मी उचलला, तं उद्या ते वावरात कायले येतीन?"

तो आला. त्यानं हात लावले. "हं, उठ." उठताना ती मुद्दाम जराशी कण्हली.

हात झटकत तो मला म्हणाला, "जड हाये ताई. एकट्या बाईमाणसाच्यानं होत नाई."

"नाईच होत," ती भाऱ्याखालून म्हणाली.