वाढून ठेवलेलं ताट

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हती. तो गेला, तरी ती माझ्यापाशीच राहिली. आज तुला सांगते आहे – का, ते विचारू नकोस, मलाही नीट माहीत नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. आम्ही लालबागला चाळीत राहायचो आणि मी परळच्या एका शाळेत चौथीला मराठी शिकवायचे. मोर्चा असला की आमच्या चाळीत एक रीत होती, कुणी ठरवून न दिलेली. दाराला कडी लावायची नाही, नुसतं लोटून ठेवायचं. आत पाट मांडायचा, ताट वाढून ठेवायचं. लाठ्या चुकवत पळत आलेला माणूस मिळेल त्या दारात शिरायचा आणि सरळ जेवायला बसायचा. मागून पोलीस आले तर काय, घरातला माणूस जेवतोय. मीही वाढून ठेवायचे. पण माझ्या दारात कधी कुणी आलं नव्हतं. कुणी येत नाही तोवर वाढणं सोपं असतं, नाही का?

त्या दुपारी गोळीबार झाल्याचं कानावर आलं. घरात मी एकटी होते. खाली बूट वाजले आणि मी – मी उठले आणि कडी घातली. ताट त्या दिवशी वाढलंच नव्हतं.

थाप पडली. "बाई, मी. इंदूचा बाबा. दार उघडा."

इंदू माझ्या वर्गातली मुलगी. तिचे वडील सखाराम गिरणीत होते. पाळी नसली की तिला शाळेत सोडायला यायचे. आवाज ओळखला नाही असं म्हणू? ओळखला. कडीवर हात ठेवून उभी राहिले. ते पुढे पळाले. जिन्यात त्यांना गाठलं, डोक्यावर मार बसला. इस्पितळातून ते परत आले नाहीत.

एवढंच असतं तर कदाचित मी तुला हे आधीच सांगितलं असतं. पण मी भेटायला गेले, तेव्हा त्यांची बायको पार्वती म्हणाली, "बाई, ते तुमच्या मजल्यार इल्ले ना?" तिथे खरं बोलता आलं असतं. मी म्हणाले, दार लोटलेलं होतं, ताटही वाढलेलं होतं; पण घरात मी एकटी दिसले, माझ्यावर बालंट नको म्हणून ते पुढे गेले. हे मी ठरवून गेले नव्हते. जीभ आपोआप चालली. पार्वतीने माझे हात धरले आणि ती रडली.

इंदू वर्गात परतली. भाववाचक नामांचा धडा मी टाळत होते, शेवटी घ्यावाच लागला. फळ्यावर मधोमध रेघ मारली. पाट, ताट, कडी – हात लावता येतो, ते इकडे. दया, लबाडी, भीती – हात लावता येत नाही, ते तिकडे. असं शिकवत होते मी, आणि तळहाताला अजून कडीचं गार लोखंड लागत होतं. मग शब्दावरून शब्द. गोड, गोडवा. मित्र, मैत्री. माणूस? इंदूने हात वर केला. माणुसकी. वाक्य कर, म्हटलं – सवयीने.

"बाईंनी माझ्या बाबांसाठी ताट वाढून ठेवलं होतं, ही माणुसकी."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी शाबास म्हणाले. ऐकतोस ना – शाबास म्हणाले.

खरं सांगितलं तर पार्वतीच्या मनातलं नवऱ्याचं मोठेपण जाईल, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं समजावलं. त्यात तिची काळजी थोडी होती, माझी जास्त.

दर वर्षी सखारामांच्या तिथीला ती मला बोलावते. पाट मांडते. "तुमच्याकडचा जेवाण तेंका गावला नाय, बाई. तेंच्या वाटचा तुमी जेवा." वडे असतात, काळ्या वाटाण्यांचं सांबार, खीर. इंदू आता स्वतः शाळेत बाई आहे, ती वाढते. त्या दिवशी त्यांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं असतं.

मी पाटावर बसते आणि जेवते. पानात काही टाकत नाही.