डाव्या हातानं टाकलेला दोर

बोदवडच्या रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून मोटारसायकल घसरली आणि माझा उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो बसवला, पण आतला एक स्नायू फाटला तो फाटलाच. जळगावात फिजिओथेरपी करणारी मुलगी स्वभावानं गोड, पण बोलायला सरळ होती.

"काका, जेवण, लिहिणं, सगळं जमेल. पण हा हात कानाच्या वर झटक्यानं न्यायचा नाही. कधीच."

"आणि फ्लाय फिशिंग?"

तिनं हे नाव ऐकलेलंच नव्हतं. मी डावा हात उचलून दोर मागे-पुढे कसा फेकतात ते करून दाखवलं. ती म्हणाली, "हे तर अजिबातच नको."

बंगळूरला नोकरी करणाऱ्या भाच्यानं मला फ्लायचा रॉड, म्हणजे लांब लवचीक गळकाठी, दिली होती. तिच्यावर मी मेहरूणच्या तलावाकाठी दोन हिवाळे मेहनत घेतली होती. नेहमीच्या गळाला आमिष असतं आणि शिसं असतं. शिशाच्या वजनानं गळ लांब जातो. फ्लाय म्हणजे पिसं-दोऱ्यांनी बांधलेला खोटा किडा, त्याला वजनच नाही. इथे जाड दोरच फेकायचा असतो, किडा त्याच्यामागून जातो. हे अंगात मुरायला मला दोन वर्षं लागली होती, आणि मुरलं होतं ते उजव्या हातात.

"आता सोडून द्या," असं नातेवाइकांपैकी प्रत्येकानं सांगितलं. पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसानं सकाळी बागेत फिरावं, असं त्यांचं मत. मला डावा हात होता. मी त्यानं सुरुवात केली.

आधी पाणी नको, असं ठरवलं. कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर, गळाच्या जागी लाल लोकरीचा गोंडा बांधून. डावा हात अगदीच अडाणी निघाला. मनगट लुळं पडायचं, रॉड मागे जमिनीपर्यंत जायचा आणि दोर गवतात लोळायचा. शेवटी बायकोनं ब्लाऊजच्या उरलेल्या कापडाची पट्टी काढली आणि रॉडची मूठ माझ्या हाताला मनगटाच्या वर बांधून टाकली. मनगट वळेनासं झालं, तेव्हा कोपर कामाला लागलं. बाजूला घड्याळ आहे असं समजायचं: रॉड पुढे दहावर थांबवायचा, मागे एकवर थांबवायचा. थांबवायचा म्हणजे खटकन, दार लावल्यासारखा. जोर लागतो तो थांबण्यात, फिरवण्यात नाही. उजव्या हाताकडे दोर ओढायचं काम दिलं. ते कमरेजवळच होतं, त्याला कुणाची हरकत नव्हती.

बायको ब्लाऊजवर आरीवर्क करते. फ्लाय बांधायला तीच बसू लागली, कारण माझी बोटं अजून थरथरत होती. मरळ जातीचा मासा बेडकावर झेपावतो, म्हणून तिनं जुन्या स्लिपरचं रबर कापून बेडकाचं अंग केलं, ते तरंगतं. पाय कोंबड्याच्या मानेच्या पिसांचे. माझ्या जुन्या फ्लाय बघून ती म्हणाली, "तुम्ही दोरा गुंडाळत गुंडाळत पार गळाच्या भोकापर्यंत आणता. मग नायलॉनची तंगूस ओवणार कुठून? पुढे थोडी जागा सोडा. दोरा कमी, पण ताणून."

होळीच्या सुमारास आम्ही तिच्या माहेरी, धुळ्याकडे गेलो. तिच्या थोरल्या भावाच्या, नानांच्या शेताला लागून पाझर तलाव आहे. ठेका असलेल्या मच्छीमारांना आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, खेळा, पण मासा परत पाण्यात गेला पाहिजे.

सकाळी वारा नव्हता. पाणी ओसरून काठाला पाणवनस्पती उघड्या पडल्या होत्या. मी दोर हवेत घेतला, मागे, पुढे, मागे, पुढे, आणि तो माझ्याच डोक्यावर गोळा होऊन पडला. पुन्हा तेच. नाना बांधावर बसून बघत होते.

"दाजी, मासा पानीमा शे. हवामा काय मारी ऱ्हायनात?"

बायको मात्र हसली नाही. ती माझ्या पाठीमागे उभी राहून दोराकडे बघत होती. "तुम्ही मागे बघतच नाही," ती म्हणाली. "दोर मागे सरळ व्हायच्या आत पुढे ओढता. त्याला जाऊ द्या ना."

मी मान वळवली. खरंच, मागे दोराचा नुसता वळसा दिसत होता. तो उलगडेपर्यंत थांबलो, मग पुढे आणला. दोर सरळ गेला आणि बेडूक पाणवनस्पतींच्या कडेला टपकन पडला.

लगेच पाणी फुटलं. मी आनंदानं रॉड वर उचलला, आणि बेडूक हवेतून उडत माझ्या पायाशी येऊन पडला. मरळ गेली.

"गई!" नाना उभे राहिले.

चूक मला कळली होती. मरळीला बेडूक तोंडात धरून तोंड मिटायला क्षणभर वेळ द्यावा लागतो, आणि मग रॉड खालीच ठेवून उजव्या हातानं दोर ओढायचा. मी तंगूस बोटांतून फिरवून पाहिली, खरखर लागली तेवढी तोडून गाठ नव्यानं मारली. काठाकाठानं वाकून पुढे सरकलो, सावली पाण्यावर पडू न देता. ऊन चढलं. डावा खांदाही दुखायला लागला. बायको म्हणाली, चहा घेऊ या. मी म्हटलं, तुम्ही घ्या.

बुडालेल्या बाभळीच्या बुंध्याशी बेडूक पडला. दोनदा ओढला, थांबवला. तो दिसेनासा झाला. मी क्षणभर थांबलो, रॉड पाण्याकडेच ठेवला आणि दोर खेचला. पलीकडून कुणीतरी त्याहून जोरात खेचला.

मरळ बुंध्यात शिरायला बघत होती. मी रॉड आडवा करून तिला बाजूला वळवत राहिलो. नाना धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले, "ढील देऊ नका, दाजी!" असं ओरडत. शेवटी चिखलात दमून ती आडवी झाली. काळी, जाड, कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढी. बायकोनं चिमट्यानं गळ सोडवला. मी मरळ पाण्यात धरून ठेवली. तिनं शेपटी मारली आणि गेली.

नानांना ते पटेना. "इतला घाम गाळीसन सोडी दिन्ही?"

"कबूल केलं होतं, नाना."

ते पुटपुटत बांधावर चढले. बायकोनं माझ्या मनगटाची पट्टी सोडली, स्वतःच्या मनगटाला गुंडाळली आणि हात पुढे केला. "आता मला द्या. आणि माझ्या मागे कोण उभं आहे ते आधी बघा."

मी रॉड तिच्या हातात दिला आणि दोराच्या वाटेतून बाजूला झालो.