वरचा पिवळा थर

“क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे रक्ताचा कर्करोग. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. माझ्या एक लाख चाळीस हजार होत्या, हव्यात अकरा हजारांच्या आत. मी हिशेब तपासण्यात उभी नोकरी काढलेला माणूस. आकड्याशी वाद घातला नाही.

नेहमीच्या गोळीने पेशी पुरेशा उतरेनात, तेव्हा मुलुंडमधल्या इस्पितळात नव्या गोळीच्या चाचणीत नाव दिलं. सूचनांत ग्रेपफ्रूट नावाचं परदेशी फळ वर्ज्य होतं. ते आमच्या घरात कधी आलंच नव्हतं. सही केली.

तपासणीच्या दिवशी गोळी घेतल्यावर ठरावीक वेळांनी रक्त काढत. नळी बर्फात, मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या थंड यंत्रात. समोरच्या खोबणीत तितक्याच वजनाची पाण्याची नळी, नाहीतर यंत्र थडथडतं. हे मला फार पटलं. यंत्र थांबलं की लाल पेशी तळाला आणि वर पिवळसर पाणी. ते प्लाझ्मा. रक्तात औषध किती आहे ते त्यात मोजतात. म्हणून तो थर अलगद काढून गोठवत.

गोळीने मळमळायचं. गणपतीनंतर विक्रोळीहून ताई आली, तिच्या घरच्या गणपतीवर सजावटीला टांगलेली पपनसं घेऊन.

“खा रे, तोंडाला चव येईल. तुझ्या डॉक्टरणीला काय कळतंय मळमळीतलं!”

चव खरंच आली. माझी बायको वर्षा रोज तिखटमीठ लावून वाटी पुढे ठेवायची.

पुढच्या तपासणीनंतर डॉक्टरीणबाईंचं बोलावणं आलं. वर्षाही सोबत आली. “प्लाझ्मात औषध मागच्या जवळजवळ दुप्पट आहे. ते शरीराबाहेर पडत नाहीये. असंच राहिलं तर हृदयाला धोका. चाचणीतून काढावं लागेल.”

पेशी नुकत्या कुठे उतरू लागल्या होत्या.

“दुसरं काही औषध घेताय? काढा वगैरे?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो.

“अहो, पपनस सांगा ना,” वर्षा म्हणाली. “रोज खाताय.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “पपनस ग्रेपफ्रूटच्याच घराण्यातलं. औषध मोडायचं शरीराचं काम दोन्ही अडवतात.”

गोळी काही दिवस बंद, पपनस कायमचं. मग पुन्हा सुरुवात, पुन्हा रक्त. ते यंत्र फिरत होतं तेव्हा मी दाराबाहेर उभा होतो. या वेळी वजनाचा विचार सुचला नाही. आकडा मूळ जागी आला. मला चाचणीत ठेवलं.

ताईला फोन केला. “म्हणजे मी तुला मारायलाच निघाले होते की रे!”

“नाही गं. चव आली होती.”

आज पेशी नऊ हजार आहेत. गोळी चालू आहे. तुमच्यावर अशी वेळ आली, तर विचारलं नाही तरी ताटातलं सगळं सांगा, आणि शेजारी बसलेल्या माणसाला मध्ये बोलू द्या. मी एकटा गेलो असतो, तर “काही नाही” म्हणून घरी आलो असतो.

यंदा आमच्या गणपतीवर ताईने आणलेलं पपनस टांगलं. विसर्जनानंतर ताईने ते स्वतः उतरवलं आणि विक्रोळीला परत नेलं. मला नारळ दिला, तोही डॉक्टरणीला विचारून.