बूट, हातमोजे आणि वाळलेला आंबा

माझ्या लग्नाचा शालू वडीलधाऱ्यांनी अर्ध्या तासात पसंत केला होता आणि त्याचा रंग मला आजतागायत आवडलेला नाही. पण आमच्या ह्यांच्या पायातले बूट आणि हातातले मोजे मी निवडले ते सातारा आणि सांगली, दोन्ही बाजारपेठा पालथ्या घालून. त्याचा मात्र मला अजून अभिमान आहे.

हे फौजेत होते, इंजिनिअर पलटणीत. पूल बांधायचे, रस्ते करायचे, आडवी आलेली झाडं तोडायची. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाल्यावर पेन्शन घेऊन औंधच्या खालच्या अंगाला असलेल्या आमच्या गावी परतले. येताना ट्रंकेबरोबर एक जड पोतं होतं. मला वाटलं, बायकोसाठी काहीतरी आणलं असेल. पोत्यातून निघाली पेट्रोलवर चालणारी करवत, फौजेनं लिलावात काढलेली. सायकलच्या साखळीसारखी साखळी, पण कडीकडीला दात. गावानं पहिल्याच दिवशी तिचं नाव ‘मशीन’ ठेवलं.

दुष्काळात आमच्याकडची कितीतरी झाडं उभी वाळली होती. कुऱ्हाडीनं आणि दोघांनी ओढायच्या करवतीनं एकेक झाड आडवं करायला दोन-दोन दिवस लागत. ह्यांचं म्हणणं, मशीन ते काम न्याहारीच्या आत करील. पहिलं झाड आमच्याच विहिरीवरचा वाळलेला आंबा. तो नीट पडला की सगळं गाव आमच्या दारात उभं राहणार आणि पेन्शनीला जोड मिळणार, असा बेत होता. बेत वाईट नव्हता. मीही मनातून खूश होते.

जोडीला त्यांनी गावातल्या म्हाताऱ्या लाकूडतोड्याला घेतलं. सगळे त्यांना आबा म्हणत. झाड कुठल्या बाजूला पडणार हे आबा खोडाला नुसता हात लावून सांगत. बोलणी करायला ते घरी आले, मी चहा घेऊन गेले, आणि कपबशी खाली ठेवताना माझी नजर त्यांच्या पायांवर गेली. डाव्या पायाला तीनच बोटं.

“आबा, हे कशानं झालं?”

“कुऱ्हाड निसटली गं, सूनबाई. लय वर्सं झाली त्याला. दोन गेली, तीन हायती की! देव तारी त्याला कोण मारी.”

आबा हसले, हेही हसले. मी हसले नाही. एका घावाला कुऱ्हाड दोन बोटं नेत असेल, तर ती गरगर फिरणारी दातांची साखळी काय काय नेईल, हे माझ्या डोळ्यांपुढून जाईना. आबा गेल्यावर मी ह्यांना विचारलं, “फौजेत मशीन चालवताना पायात काय घालायचात?”

“बूट. आन हातात मोजं. त्याबिगर हवालदार हातच लावू द्यायचा न्हाई.”

“मग ते बूट कुठायत?”

“सरकारी व्हते. जमा केले.”

“मग दुसरे घ्या.”

“अगं, सगळं गाव अनवाणी रानात जातंय. मी बूट चढवून झाड तोडाय लागलो तर लोक म्हंतील, बघा सायेब आला. हसं हुईल माझं.”

“होऊ दे. हसण्यानं बोटं तुटत नाहीत.”

ह्यांनी मान उडवली. फौजेतला माणूस, शत्रूला भ्याला नाही तो बायकोला कुठला भितोय? पण मी सांगलीची आहे आणि माझा हेका माझ्या आईलाही कधी मोडता आला नव्हता. ज्याच्याशिवाय मशीन सुरूच होत नाही तो प्लग ह्यांनी पुसून कोनाड्यात ठेवला होता, तो मी उचलला आणि ज्वारीच्या कणगीत तळाशी घातला. दुसऱ्या दिवशी घरभर शोधाशोध झाली. मी शांतपणे भाकरी थापत म्हणाले, “तुमचा हवालदार तिकडं राहिला. इकडं मी आहे. बूट आले की प्लग मिळेल.”

तेव्हापासून माझं नाव हवालदार पडलं. सासूबाईंसमोर म्हणायला लाजत, पण चुलीजवळ कुणी नाही असं बघून हळूच म्हणायचेच.

आधी साताऱ्याला गेलो. तिथं एका दुकानात फौजेतलं जुनं सामान मिळायचं. ह्यांनी लगेच खिळ्यांचे जाड बूट उचलले आणि असे कुरवाळले की मला हेवा वाटला. पण दुकानाच्या फरशीवर दोन पावलं टाकली आणि घसरले. खिळे मातीत रुततात, गुळगुळीत ओंडक्यावर काय रुतणार? दुकानदार म्हणाला, मग गमबूट न्या. मी गमबुटाचं टोक चिमटीत धरून दाबलं. रबर पार आत गेलं. ह्याला तर आमची विळीसुद्धा चिरील, मी म्हणाले. दुकानदारानं ह्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू बिचारा माणूस कुणाच्या तावडीत सापडलाय. हातमोजे तर तिथं नव्हतेच. येताना एसटीत हे खिडकीकडे तोंड करून बसले.

पुढच्या आठवड्यात सांगली. या वेळी मी तयारीनं निघाले होते. पिशवीत हातभर लांबीचा बाभळीचा ओंडका आणि मूठभर भुईमुगाच्या शेंगा. विट्याला एसटी बदलताना कंडक्टरनं विचारलं, “बाई, ह्ये काय, सांगलीत सरपान मिळत न्हाई व्हय?” हे म्हणाले, “मिळतंय, पर आमचं हवालदार घरचंच वापरतंय.” सगळी गाडी हसली. मीही हसले. राग येण्यासारखं ते बोलत नव्हते, आणि मला एव्हाना ह्या खरेदीची मजा वाटायला लागली होती.

पेठेत कारखान्यांना लागणारं सामान विकणारं एक दुकान होतं. मालक चष्मेवाला, बारीक, बोलण्यात मऊ. मी ओंडका काढून त्यांच्या फरशीवर ठेवला आणि ह्यांना म्हटलं, एकेक बूट घाला आणि ह्याच्यावर उभे राहा. मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. पहिला जोड घसरला. दुसरा घसरला नाही, पण घोट्याच्या खालीच संपत होता. तिसरा घोट्याच्या वर चांगला चार बोटं गेलेला, तळ रबरी आणि खोल खाचांचा. मालकांनी बुटाच्या टोकावर पान कुटायच्या बत्त्यानं ठोकलं. आतून टण्‌ आवाज आला.

“बोटांवर लोखंडी वाटी आहे, वहिनी. साखर कारखान्यातले लोक नेतात. पायावर काही पडलं तरी बोटं शाबूत.”

तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मीही दोनदा ठोकून पाहिलं. हे म्हणाले, जरा घट्ट हाय, सैल हुईल. मी म्हटलं, सैल होईपर्यंत फोड येतील आणि मग तुम्ही ते माळ्यावर टाकाल. जाड लोकरी मोजे घालून, आत बोटं हलतात की नाही ते बघून, एक नंबर मोठा घेतला.

मग हातमोजे. आधी कोपरापर्यंत येणारे वेल्डिंगचे निघाले. ते घालून ह्यांना फरशीवरची भुईमुगाची शेंग उचलायला सांगितली. शेंग काही उचलेना, वर चिरडली. शेंग उचलता येत नाही त्याला मशीनचा घोडा कसा दाबता येणार? दुसरे कापडी होते, त्यांचे सैल धागे बाहेर लोंबत होते. “ह्ये न्हाई,” हे स्वतःच म्हणाले, “साखळीत धागा गावला तर हात वडून न्हेईल.” त्या दिवशी पहिल्यांदा फौजेतला माणूस जागा झाला, आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. शेवटी मोटारसायकलवाले घालतात तसले मऊ कातड्याचे मोजे निघाले, मनगटाशी बटण असलेले. ह्यांनी शेंग उचलली, फोडली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. मालक म्हणाले, पास!

घरी आल्या आल्या कणगीत हात घालून मी प्लग काढून दिला.

झाड पाडायचा दिवस उजाडला तेव्हा निम्मं गाव विहिरीवर जमलं होतं. आमच्याकडे झाड तोडायच्या आधी त्याची पूजा करतात, त्याची क्षमा मागतात. पूजेला पायात काही नको, म्हणून ह्यांनी बूट काढले, हातमोजेही काढून बाजूला ठेवले. सासूबाईंनी खोडाला हळदकुंकू वाहिलं. आबांनी नारळ फोडला. एवढं होऊन मी बूट पुढे सरकवले तर आबा आडवे आले.

“न्हाई सूनबाई. नारळ फुटला. आता झाड पडंस्तवर चामडं लावायचं न्हाई त्येला. पायात बी न्हाई, हातात बी न्हाई. आमी कवा लावलं न्हाई.”

गर्दीतून दोघे-तिघे म्हणाले, व्हय, बरुबर हाय. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं आणि खाली वाकून अनवाणीच मशीन उचललं. आयुष्यात इतकी घाबरले नसेन मी. आबांचा तो पाय समोरच होता. चारचौघांत, सासूबाईंसमोर, नवऱ्याला अडवायची पद्धत नव्हती. पण पद्धत सांभाळून मी त्यांचे पाय परत कुठून आणणार होते? मी पदर खोचला आणि बूट घेऊन आंब्याच्या बुडाशी जाऊन उभी राहिले.

“आबा, ह्या आंब्याला लहानाचा मोठा कुणी केला?”

“म्हंजी? ह्या हिरीच्या पान्यानं.”

“आणि विहिरीतून पाणी वर कशानं यायचं?”

“मोटंनं.”

“मोट कशाची असते आबा?”

मोट चामड्याचीच असते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी म्हणाले, “जन्मभर चामड्यातलं पाणी प्यालेलं झाड आहे हे. त्याला चामड्याचा विटाळ होत असता तर रोपटं असतानाच वाळलं असतं.”

आता सासूबाई काय म्हणतात ह्याची मला धास्ती होती. त्या कुंकवाचा करंडा घेऊन तशाच उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “खरं बोलतीया पोरगी. मोट चालायची तवा ह्या आंब्याच्या आळ्यात पानी मीच वळवलंय. चामड्याच्या वासाचं पानी असायचं, आन आंबं साखरंवानी लागायचं.”

आबा आधी गालातल्या गालात आणि मग खो खो हसले. “आरं, हिला वकील करून कोर्टात उबी कर!” ते ह्यांना म्हणाले. “घाल गड्या बूट. पयला घाव मी घालतो कुऱ्हाडीनं, अनवाणी. म्हंजी झाडाचा बी मान ऱ्हाईल आन तुज्या बायकूचा बी.”

तसंच केलं. आबांनी कुऱ्हाडीचा एक घाव घातला, ह्यांनी बूट चढवले, बंद आवळले, मोज्यांची बटणं लावली आणि मशीनची दोरी ओढली. आवाजानं विहिरीवरची कबुतरं उडाली आणि म्हाताऱ्या बायकांनी कानांवर हात ठेवले. खरोखर न्याहारीच्या आत आंबा करकरला आणि आबांनी दाखवलेल्या जागी आडवा झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. माझा आनंद पोटात मावेना.

फांद्या छाटायचं काम सुरू झालं. आमच्या ह्यांचा एक पाय खोडावर, एक जमिनीवर. एक फांदी वरून दणकट दिसत होती, पण आतून पार वाळवीनं खाल्लेली. मशीन तिच्यातून लोण्यातून जावं तसं गेलं आणि खाली, थेट खोडावरच्या पायावर आलं. खर्रर्र असा आवाज झाला आणि मशीन बंद पडलं.

मी धावले. हे खोडावर बसले होते, तोंड पांढरंफटक. बुटाच्या टोकावरचं कातडं सोलून निघालं होतं आणि आतली लोखंडी वाटी चकचकत होती. वाटीवर एक लांब ओरखडा होता. मी खाली बसून बूट ओढून काढला, मोजा काढला, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि सगळ्या गावासमोर एकेक बोट धरून मोजलं. पाच. पुन्हा मोजलं. पाचच. मग मात्र मला रडू फुटलं, आणि रडता रडता हसू. नवऱ्याचा पाय मांडीवर घेऊन बाई हसते आहे, रडते आहे, ह्याचं त्या दिवशी कुणालाच काही वाटलं नाही. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एरवी चारचौघांत माझ्याकडे बघायचेही नाहीत.

आबा वाकले. काढलेला बूट त्यांनी उचलला, वाटीवर टिचकी मारली, ओरखड्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ बघत राहिले.

“घालून बघू का रं?” त्यांनी ह्यांना विचारलं.

डावा पाय धोतरानं पुसून, अगदी जपून त्यांनी आत घातला. उभे राहिले. दोन पावलं टाकली. मग ह्यांच्याकडून दुसराही मागून घेतला आणि बंद न बांधताच निघाले, खोडाच्या बुडापासून शेंड्यापर्यंत, तिथून बांधापर्यंत, आणि परत. काट्याकुट्यातून मुद्दाम पाय टाकत होते. आम्ही सगळे नुसते बघत होतो. हे अनवाणी खोडावर बसलेले, आणि बूट परत मागायचं कुणाच्याच मनात येत नव्हतं.

माझ्यासमोर येऊन आबा थांबले.

“आतनं मऊ हाय गं, सूनबाई,” ते म्हणाले. “सारा जलम गेला. मला कवा कुनी सांगितलंच न्हाई.”