काडेपेटी राकेशच्या पिशवीत

मित्रहो, आज प्रबळगडाच्या जंगलात माझा एक साधा प्रयोग यशस्वी झाला!

एकमेकांशी केलेल्या मारामारीमुळे शाळेतून काढलेले निखिल आणि राकेश मी नेलेल्या मुलांच्या गडमोहिमेत होते. पनवेलहून निघाल्यापासून दोघांत अबोला. म्हणून मी मुद्दाम स्टोव्ह निखिलच्या पिशवीत ठेवला आणि एकमेव काडेपेटी राकेशच्या. दुपारी सगळीच मुले भुकेने कासावीस झाली.

"सर, याला काडेपेटी द्यायला सांगा," निखिल म्हणाला.

"तूच माग," मी शांतपणे उत्तरलो.

बाकीची मुले ओरडू लागली. अखेर निखिल पुटपुटला, "राक्या, दे ना. पोट बोंबलतंय."

"घे. पन पिठलं मीच ढवलनार, तुला नाय जमायचं!"

मग दोघे गप्पांत इतके रंगले, की पिठले करपले. आम्ही ते आनंदाने संपवले.

तुमच्या घरातील अबोल्यात काडेपेटी कोणाच्या पिशवीत ठेवाल?