दुधावरचा आळ

डॉक्टर त्र्यंबकराव गेल्याची बातमी अकोल्याहून आली आणि आठवडाभरात इथे अमरावतीला शोकसभा झाली. बायकांच्या बाजूला मीही बसले होते. एक मोठे डॉक्टर बोलायला उठले. त्र्यंबकराव हुशार, मनात आणते तर बंगले बांधते, पण लहान मुलांच्या लिव्हरच्या रोगापायी त्यांनी आयुष्य घालवलं आणि शेवटी हाती काही लागलं नाही, असं ते हळहळून म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. भरसभेत बाईने उठून बोलायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर चांदूर रेल्वेजवळचं, काळ्या जमिनीचं, गाईगुरांचं. माझा पहिला मुलगा रांगता रांगता किरकिरा झाला, पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले... आणि गेला. दुसरा मनोहर. वर्षाचा होतो न होतो तोच त्याच्याही बरगडीखाली तसंच टणक लागायला लागलं. सासूबाई वाईट नव्हत्या, पण दोन नातवांचं दुःख त्यांना कुणाच्या तरी पदरात टाकायचं होतं. "हिचं दूधच जहरी हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाचं बोलणं ओसरीवर सुरू झालं, माझ्या देखत.

मनोहरला आम्ही अकोल्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट चाचपलं आणि खोटी आशा दाखवली नाही. थोड्याच दिवसांत तो तिथेच गेला. तेव्हा डॉक्टर माझ्या घरच्या पुरुषांना ओलांडून सरळ माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "बाई, मला याचं लिव्हर तपासायचं आहे. त्यासाठी पोट उघडावं लागेल. तुमचं मूल परत येणार नाही, कारण सापडेलच असंही नाही. पण न पाहता आईला दोष देणं मला मान्य नाही." मी हो म्हटलं. दीर अंगावर धावून आले, सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. तोवर खाली मान घालून बसलेला माझा नवरा उठला आणि दारात आडवा उभा राहिला. "लेकरू तिचं हाय. तिले विचारलं, तिनं सांगतलं," एवढंच तो बोलला. दुसऱ्या लग्नाचा विषय त्या दिवशी मिटला.

लिव्हर दगडासारखं झालेलं निघालं. का, ते कळलं नाही. कळलं ते एवढंच, की डॉक्टर लेकरं कापतात, अशी हाकाटी गावोगाव झाली. त्यांचा दवाखाना ओस पडला. पण हा माणूस घरी बसला नाही. बैलांच्या दमणीत बसून खेडी फिरला, चुलीपाशी बसून बायकांना विचारत राहिला... लेकराला काय पाजता, कधीपासून पाजता? मजुरी करणाऱ्या बायका पोर वावरात नेतात, चालतं होईपर्यंत अंगावर पाजतात. त्यांच्याकडे हा रोग क्वचितच दिसे. आमच्यासारख्या घरात, जिथे पितळी चरवी भरून गाईचं दूध लवकर सुरू होतं, तिथे तो ठाण मांडून बसलेला. डॉक्टरांच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं तर लोक हसले. बायकांच्या गप्पा म्हणजे संशोधन नव्हे, असं त्यांना ऐकवलं गेलं. मूल कशाने गेलं हे आईला विचारायचं नाही तर कुणाला, असं विचारून ते खाली बसले.

मला मुलगी झाली तेव्हा सासूबाईंनी तिला माझ्यापासून दूर ठेवलं. नवऱ्याने अकोल्याला निरोप धाडला. डॉक्टर स्वतः आले आणि ओसरीवर बसून सासूबाईंशी त्यांच्याच बोलीत बोलले. "आई, पोरीले काही झालं तर मले चावडीसमोर उभं करा. पण तवरक तिले तिच्या मायचंच दूध." सासूबाई उठल्या आणि पोर माझ्या ओटीत घालून आत गेल्या.

ती पोर आज अमरावतीच्या शाळेत जाते. एका मुलीवरून काही सिद्ध होत नाही, असं डॉक्टरच मला बजावत. नसेल होत. रोगाचं कारण त्यांना सापडलं नाही, हेही खरं. पण आमच्यावरचा आळ त्यांनी उचलला. हाती काही लागलं नाही म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या घरी येऊन तो हिशेब मला समजावून द्यावा.

मागच्या महिन्यात त्यांच्या पत्नीला भेटायला अकोल्याला गेले. दवाखाना आता त्यांचा शिष्य चालवतो. तिथे खुर्ची एकच आहे, आणि ती आजारी लेकराच्या आईसाठी. डॉक्टर स्वतः स्टुलावर बसत. सासरे, दीर, पाटील, सगळे उभे. बार्शीटाकळीहून आलेली एक पोरसवदा बाई पोटाशी लेकरू धरून खाली फरशीवर टेकली होती. मी तिला हाताला धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं.

तिची सासू माझ्याकडे पाहत राहिली. "काहून? मी उभी आन हे बसन?"

"हो," मी म्हटलं. "इथं असंच असते."