सुमनला नाटक कळायचं

माझ्या बायकोचं नाटकाला जाणं मी बंद केलं होतं.

सुमनला जाऊन आज वर्ष झालं. बाकीचे तिच्या हातच्या चवीबद्दल लिहितील, सोशिकपणाबद्दल लिहितील. मला दुसरंच सांगायचंय.

नव्वदी गाठली, बोट थरथरतं, म्हणून नात टाईप करून राह्यलीय. तिला बजावलंय, एक शब्द बदलायचा न्हाई.

आमचं लग्न छप्पन सालचं. मी अंबडच्या कोर्टात कारकून. सुमन परतूरची, वडील कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम. परतूरला नाटक कंपनीचा तंबू पडला की ते लेकीला घेऊन जायचे आणि दुसऱ्या दिवशी विचारायचे, "बोल, कसं झालं?"

ही सांगायची. त्या काळात मुलीला असं कोण विचारत होतं?

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी तिला जालन्याला तीन नाटकं दाखवली. सकाळी चहाला बसलो की मी बी विचारायचो.

एका ऐतिहासिक नाटकाबद्दल म्हणाली, "मुकुट पुठ्ठ्याचा होता, ते चालतंय. पण राजा बी पुठ्ठ्याचाच होता."

दुसऱ्या नाटकात नायिकेचा नवरा मरतो आणि ती गाणं म्हणते. त्यावर म्हणाली, "नवरा पुढ्यात मरून पडलाय अन् ही वन्स मोअर घेऊन राह्यली. अन् त्या मेलेल्याच्या छातीचा भाता चालूच!"

मी हे ऑफिसात सांगायचो. लोक पोट धरून हसायचे. बायकोचा मला फार अभिमान वाटायचा.

मंग माझी बारी आली.

कोर्ट-कचेरीतल्या आम्हा लोकांचं एक नाटक मंडळ होतं. गणपतीत प्रयोग झाला. मी बापाच्या भूमिकेत. सासरी गेलेली लेक वारल्याचं पत्र गडी आणून देतो, बाप ते वाचतो आणि कोसळतो. त्या प्रवेशाला बायका पदरानं डोळे पुसत होत्या. कोर्टातल्या साहेबांनी पाठ थोपटली.

सकाळी मी विचारलं, "काय मंग? बोल."

ती चहा गाळत होती. "ऱ्हाऊ द्या."

"बोल ना. बिलकुल खरं सांग."

"तुम्ही पत्र उघडायच्या आधीच रडायला लागले," ती म्हणाली. "पत्रात काय हाय ते बापाला कुठं ठाऊक हाय? लेकीची खुशाली समजूनच उघडंल ना तो. तुम्ही हसत उघडलं असतं तर माझ्या काळजाचं पाणी झालं असतं."

मी चहाचा घोट घेतला.

ती रंगात आली. वडिलांशी बोलावं तशी बोलत सुटली. "ते गड्याचं काम केलेले तलाठी लई चांगले. पत्र देऊन दारातच उभे राह्यले. जावं का थांबावं, समजंना त्यांना. मी त्यांच्याकडंच पाहत होते."

मी कप खाली ठेवला.

"तलाठ्याकडं पाहायला गेल्तीस का तू?"

तिचा चेहरा उतरला. "तुम्हीच विचारलं म्हणून..."

"तुला काय समजतं त्यातलं? पुन्हा नाटकाला यायचं न्हाई."

माझी आई दारात उभी होती. तिच्यासमोर बोललो.

सुमन नाटकाला जायची थांबली. तंबू पडायचा, शेजारच्या बायका बोलवायला यायच्या, ही काहीतरी काम काढून बसायची.

मी एकदाही "चल" म्हटलं न्हाई.

दोन वर्षांनी तेच नाटक घेऊन आम्ही औरंगाबादला एका स्पर्धेत गेलो. मी हट्टानं तसाच रडलो, उलट जरा जास्तच. संपल्यावर परीक्षकांनी मंडळाला बोलावलं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "वडील पत्र उघडण्याआधीच रडतात. मग त्या पत्राला काम काय उरलं?"

गड्याचं काम मात्र त्यांना आवडलं.

परतीच्या मोटारीत घरी काय सांगायचं, तेवढंच डोक्यात होतं.

सुमननं पाय धुवायला पाणी दिलं. "कसं झालं?"

"परीक्षकांनी तारीफ केली माझी. नंबर थोडक्यात हुकला."

तिनं तांब्या खाली ठेवला.

"मंग माझंच चुकलं असंल," म्हणाली. "मला वाटायचं, मला समजतं."

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं फक्त.

मी टॉवेल मागितला.

पुढं मी नाटक सोडलं. बदली झाली, जालन्यात घर झालं. मुलं मोठी झाल्यावर आईला हौसेनं नाटकाला न्यायची आणि विचारायची, "आई, कसं वाटलं?"

"छान."

प्रत्येक नाटक छान. भिकारातलं भिकार नाटक बी छान. मुलांना वाटायचं, आईला सगळंच आवडतं.

मी शेजारी बसून ऐकायचो.

मागच्या वर्षी ती दवाखान्यात होती. दुपारची वेळ, मुलगा औषधं आणायला गेल्ता. मी खुर्ची जवळ ओढली आणि सगळं सांगून टाकलं. परीक्षक काय म्हणाले ते. मी घरी येऊन काय सांगितलं ते. ती शुद्धीवर होती, कान चांगले होते.

तिनं तोंड छताकडं केलं.

मंग म्हणाली, "तवा सांगायचं होतं."

एवढंच. माझ्याकडं पाहिलं न्हाई. तिसऱ्या दिवशी गेली.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. वर्ष झालं. वाटलं न्हाई.

सुमन, जड मनानं तुला नमस्कार करतो.